दही न मोडणारी गाडी

आमच्या सोसायटीत एक गृहस्थ रोज सकाळी पार्किंगमध्ये उतरून दुसऱ्यांच्या गाड्या हुंगतात. हे मी गमतीनं म्हणत नाही. तुम्ही स्कूटर सुरू केली की ते मागच्या बाजूला येतात, गुडघ्यांवर हात ठेवून सायलेन्सरपाशी वाकतात, डोळे मिटून एक लांब श्वास घेतात आणि सरळ उभे राहून निदान सांगतात. निदानं ठरलेली आहेत. गाडी एकतर "जेवलेली" असते, नाहीतर "उपाशी" असते, आणि क्वचित एखादीला "अपचन" झालेलं असतं. तुम्हाला ऑफिसला उशीर होतोय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

माझी आणि वानखडेकाकांची ओळखही अशीच झाली. मी शाळेत भूगोल शिकवते. ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याच आठवड्यात, सकाळच्या घाईत मी स्कूटर सुरू केली आणि मागून आवाज आला, "मॅडम, तुमची गाडी उपाशी आहे."

"मीही आहे," मी म्हटलं. "डबा शाळेत जाऊन खाणार आहे."

कोथरूडच्या माणसाला एवढं पुरतं. तो ओशाळतो किंवा चिडतो, पण बाजूला होतो. काकांनी गंभीरपणे मान डोलावली. "तुम्ही सांगू तरी शकता," ते म्हणाले. "ती बिचारी कोणाला सांगेल?"

त्याच संध्याकाळी स्कूटर भर चौकात बंद पडली आणि मेकॅनिकनं सांगितलं की इंजिनाला पेट्रोल पुरेसं पोचत नव्हतं. तेव्हापासून मी माझी स्कूटर न कुरकुरता हुंगू देते. सगळेच माझ्यासारखे नाहीत. सोसायटीच्या फलकावर एकदा "दुसऱ्याच्या वाहनाचा वास मालकाच्या परवानगीशिवाय घेऊ नये" अशी सूचना लागली होती. काकांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि सेक्रेटरींच्या घरी जाऊन सांगितलं की सूचना अगदी रास्त आहे, मात्र तुमच्या गाडीला अपचन झालं आहे.

काका मूळचे अमरावतीकडचे. तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले आणि इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात निवृत्तीपर्यंत टिकले. इतकी वर्षं इथं काढून त्यांचं बोलणं आता बरंचसं आमच्यासारखं झालंय, पण मनापासून काही विचारायचं असलं की तिकडचं "काहून" बरोबर वर येतं. निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात, योगासनांच्या वर्गाला जातात. काकांनी लांबच्या प्रवासाची एक दणदणीत मोटरसायकल घेतली आणि तिच्यात फेरफार करायला सुरुवात केली. पुढं वाऱ्यासाठी काच लावली. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आल्या. मागच्या सीटला जाड गादी आणि पाठ टेकायला उशी आली. हवा घेणारी जाळी बदलली. शेवटी सायलेन्सर बदलला आणि तिथून पुढचं सगळं महाभारत सुरू झालं.

नव्या सायलेन्सरचा आवाज गल्लीच्या टोकापासून कळायचा. कमिटीनं तक्रार केली तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "आवाज मोठा नाही, जाड आहे." आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं. कान किटत नव्हते, फक्त पोटात कुणीतरी बसून खर्जात गातंय असं वाटायचं. सायलेन्सरबरोबर त्याचा सरकारमान्य शिक्का दाखवणारा कागद मिळाला होता. तोही त्यांनी कमिटीपुढे ठेवला आणि कमिटीनं तक्रार मागं घेतली.

अडचण आवाजाची नव्हती. ती काकांनी मला जिन्यात उभं राहून समजावून सांगितली आणि माझ्या हातातल्या भाजीच्या पिशव्यांकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं. आता इंजिन मोकळा श्वास घेतंय, म्हणजे हवा जास्त. पण पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला छोटा संगणक कारखान्यातून शिकून आलेला. तो जुन्याच मापानं पेट्रोल देणार.

"तो आचारी आहे, मॅडम," काका म्हणाले. "पंगतीत माणसं वाढली हे त्याला कोणी सांगितलंच नाही. म्हणून मधे एक वाढपी पाहिजे. पंगत बघून वाढणारा."

हा वाढपी म्हणजे इंधनाचा इलेक्ट्रॉनिक ट्यूनर. काडेपेट्यांचा गठ्ठा असावा एवढी एक डबी. ती तारांच्या मधे जोडली की इंजिनाला पेट्रोल हवं तसं कमीजास्त देता येतं. बाजारात अशा डब्या ढिगानं मिळतात. लोक जातात, एक उचलतात, बसवतात आणि लोणावळ्याला वडापाव खायला निघून जातात. काकांना मात्र आपला वाढपी निवडायला दोन दिवाळ्या लागल्या.

त्याला कारण होतं, आणि ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. उपाशी गाडी सावकाश चालवताना झटके देते. सायलेन्सर बदलल्यावर काका शोभाकाकूंना मागं बसवून कर्वे रस्त्यावर गेले होते. सिग्नल सुटला, गाडीनं आधी नकार दिला आणि मग एकदम होकार दिला. काकूंच्या पाठीत कळ गेली. पुढं कितीतरी दिवस गरम पाण्याची पिशवी आणि मालिश चाललं होतं. बऱ्या झाल्यावर काकूंनी अगदी शांतपणे जाहीर केलं की आता मी या गाडीवर बसणार नाही.

शोभाकाकूंचं सगळंच शांतपणे असतं. अशी समंजस बाई मी दुसरी पाहिली नाही. काका तासन्‌तास हवा, पेट्रोल आणि वाढपी यांवर बोलत असतात आणि काकू त्यांच्या तोंडाकडे बघत मंद हसत असतात. माझ्या यजमानांचं, म्हणजे सुहासचं, मत असं की संसार टिकवायचा तर बायकोनं असं ऐकायला शिकावं. मी त्याला म्हटलं की नवऱ्यानं ऐकण्यासारखं बोलायला शिकलं तरी चालेल.

काकूंचा नकार काकांच्या फार जिव्हारी लागला होता. लग्न झाल्यापासून दोघं मोटरसायकलवरच हिंडली होती. अमरावतीहून पुण्याला संसार आला तोही निम्मा मोटरसायकलवर. निवृत्तीनंतर पुन्हा एकदा दोघांनी गाडीवर अमरावतीला जायचं, वाटेत लोणारला मुक्काम करायचा, काकूंच्या बहिणीकडे पुरणाचं जेवायचं, हे त्यांनी कारखान्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. त्यासाठीच ती पेट्या-गादीवाली गाडी. त्यासाठीच हेल्मेटमध्ये बसवायचं ते यंत्र, ज्यातून पुढचा माणूस मागच्याशी गप्पा मारू शकतो. ते बसवलेली दोन हेल्मेटं शोकेसवर शेजारी शेजारी मांडलेली असायची. "जन्मभर मी तिच्याकडे पाठ करून गाडी चालवली," काका सांगायचे. "आता अमरावतीपर्यंत बोलत जाईन."

आणि आता मागची सीट रिकामी. काकांनी रोज विचारून काकूंना भंडावून सोडलं, तेव्हा एका दुपारी दह्याचं भांडं फ्रिजमध्ये ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "माझ्या जागी हे दही बसवून फिरवून आणा. ते मोडलं नाही, तर मी बसेन."

दुसरा कुणीही समजला असता की हे उत्तर तोंड बंद करण्यासाठी आहे. काका तपासणी खात्यातले. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी स्पष्ट निकष दिला होता.

तेव्हापासून दह्याची परीक्षा सुरू झाली. रात्री काकू चिनी मातीच्या सटात विरजण लावायच्या. सकाळी काका तो सट टोपलीत टॉवेल कोंबून बसवायचे आणि काकूंच्या जुन्या साडीनं मागच्या सीटवर बांधायचे. मग डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव, आणि कोथरूडहून निघून नदीपलीकडे शनिवार पेठ, नारायण पेठ करून परत. एकदा एका वाहतूक पोलिसानं त्यांना बाजूला घेऊन टोपलीत काय आहे म्हणून विचारलं. काका म्हणाले, दही. दह्याला एवढं कशाला बांधलंय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बायकोच्या जागी आहे." पोलिसानं थोडा वेळ विचार केला आणि त्यांना जाऊ दिलं.

मी एकदा न राहवून म्हटलं की काका, तुमचा ट्यूनर कितीही गुणी असला तरी पुण्याचे खड्डे दही मोडणारच. यावर त्यांनी सट माझ्यापुढे धरला आणि भेगा दाखवल्या. खड्ड्यानं दही कडेनं सुटतं. इंजिनाच्या झटक्यानं ते आडवं तडकतं, पुढच्या बाजूला. ही बघा आडवी भेग. भूगोल शिकवताना मी भूकंपाच्या भेगा मुलांना यापेक्षा कमी आत्मीयतेनं समजावते.

मोडलेलं दही टाकवत नाही, म्हणून काकू त्याची कढी करायच्या आणि शेजारीपाजारी वाटायच्या. त्यामुळे निकाल कळायला आम्हाला कुठं जावं लागत नसे. दुपारी दारात कढी आली की ट्यूनर नापास. कढी फार छान असायची, त्यामुळे काकांचा ट्यूनर पास व्हावा असं आमच्या घरात कुणालाही मनापासून वाटत नव्हतं.

ट्यूनर यायचे नारायण पेठेतल्या परेशच्या दुकानातून. काका हुंगून हुंगून त्याच्याकडे इतकी गिऱ्हाइकं पाठवायचे की तो त्यांना माल घरी नेऊन बघू द्यायचा. एकदा शाळेसाठी नकाशे आणायला मी त्याच बाजूला निघाले होते, म्हणून काकांबरोबर गेले. परेशनं मोठ्या उत्साहानं एक डबी काढली. हिनं पिकअप असा येतो की मागं बसलेला माणूस खाली पडेल, असं तो अभिमानानं म्हणाला. काका उठले, नमस्कार केला आणि दुकानाबाहेर पडले. परेश माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं की मागं त्यांचं दही असतं, आणि त्यानं ते फारसं समजून घेतलं नाही.

तरी त्याच्याकडून तीन डब्या आल्या. पहिली स्वस्तातली होती. ती संगणकाला सांगायची की बाहेर हवा थंड आहे, मग तो बिचारा थंडीच्या मापानं पेट्रोल जास्त सोडायचा. काकांना ते पटेना. भर उन्हात थंडी आहे म्हणून सांगायचं, हा वाढपी खोटारडा आहे, असं त्यांनी ठरवलं. तिच्यावर कढी आली. दुसरीला बटणं होती. तुम्ही एकदा ठरवून द्यायचं, मग ती सगळ्यांना सारखंच वाढणार, कुणाला भूक असो वा नसो. पुन्हा कढी. तिसरीला लॅपटॉप जोडायचा, आलेख बघायचा, हजार आकडे भरायचे. काका महिनाभर रोज सकाळी चहाबरोबर आकडे भरत बसले आणि हुंगून हुंगून त्यांचं नाक लाल झालं. गाडीचा आवाज कानाला गुळगुळीत लागायला लागला. सगळ्यांना वाटलं, जमलं. दुपारी कढी आली.

सोसायटीतला प्रत्येक जण काकांना एकच सल्ला द्यायचा. जुना सायलेन्सर पुन्हा लावा, गाडी पहिल्यासारखी होईल, काकू बसतील, विषय संपला. अडाण्यालाही कळेल अशी गोष्ट होती. पण हा सल्ला ऐकला की एरवी मिनिटभरही गप्प न बसणारे काका एकाएकी आखडायचे. "ते होणार नाही," एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या कुणाची तरी गाडी हुंगायला निघून जायचे. मला या हट्टाचा राग यायचा. स्वतःच्या हौसेच्या आवाजापायी बायकोला घरात बसवणारा माणूस, असं माझं त्यांच्याबद्दल मत व्हायला लागलं होतं.

नाताळच्या सुट्टीत एका संध्याकाळी मी कढीचं पातेलं परत द्यायला गेले. रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात तिळाच्या वड्या घातल्या होत्या. बेल वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून हाक मारत आत गेले. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मी दोनदा हाक मारली, तरी त्यांनी मागं पाहिलं नाही. फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढलं, ते थंडगार दूध तसंच सटात ओतलं आणि त्यात चमचाभर विरजण घालून ढवळलं.

मी जागच्या जागी उभी राहिले. डिसेंबरात, थंड दुधाला विरजण. असं दही लागतच नाही, नुसतं धरल्यासारखं दिसतं. ते मोडायला मोटरसायकल लागत नाही, टेबलावरून ओट्यावर नेलं तरी पुरे.

तेवढ्यात काकूंनी एकदम मान वर केली, खिडकीकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. दोन कप काढले. मला वाटलं, गल्लीत एखादा ट्रक येतोय. थोड्या वेळानं तो आवाज नीट ओळखू आला. काकांची गाडी. जाड आवाज.

काकू वळल्या आणि मला बघून दचकल्या. माझी नजर सटाकडे होती. मी काही विचारायच्या आत त्या हसल्या, पण नेहमीसारखं नाही, आणि खुर्चीवर बसून मला समोर बसायची खूण केली. अगदी समोर. मग मला उमगलं की इतकी वर्षं त्या माझ्या तोंडाकडे बघून बोलत आल्या होत्या.

बारीक आवाज ऐकू येत नाहीत, त्यांनी सांगितलं. बेल नाही, फोन नाही, कुकरची शिट्टी नाही, माझ्यासारख्या बायकांची हाक तर नाहीच. जाड आवाज येतात. काका समोर असले की अर्धं त्यांच्या ओठांवरून कळतं आणि अर्धं सवयीनं. "पण गाडीवर हे पुढं तोंड करून बोलणार, नंदा," त्या म्हणाल्या. "त्या हेल्मेटातल्या यंत्रातून. अमरावतीपर्यंत. मी काय उत्तरं देऊ?"

मी म्हटलं, सांगून टाका ना त्यांना. कानाला लावायचं मशीन मिळतं हल्ली, चांगलं असतं. काकूंनी मान हलवली. "माझ्या पाठीचं घेऊन बसलेत बघ किती दिवस. आता कान पण कशाला देऊ त्यांना?" आणि कुणाला सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. बाहेर जिन्यात पावलं वाजली. काका आत आले, मला बघून खूश झाले, आणि चहा पिताना सिलिंडरचं तापमान या विषयावर बोलले. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत मंद हसत होत्या. मला तो चहा गोड लागला की अगोड, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये काका कठड्यावर बसलेले दिसले. मांडीवर सट. तिसरी डबी त्यांनी आणखी आकडे बदलून पुन्हा तपासली होती, आणि दह्याचं नुसतं पाणी झालं होतं. पहिल्यांदाच ते मला म्हातारे वाटले. त्यांनी भेगाही दाखवल्या नाहीत, कारण भेग पडायला दही उरलंच नव्हतं.

मला काकूंना दिलेला शब्द मोडता येत नव्हता. त्या चिडीत मी जे सगळे म्हणतात तेच म्हटलं. "काका, तो सायलेन्सर काढून टाका आणि संपवा एकदा हे."

यावेळी ते उठून गेले नाहीत. सट बाजूला ठेवला, कुणी येत नाही ना ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तिला बेल ऐकू येत नाही."



मग त्यांनी सांगितलं. एकदा किल्ली विसरून ते बाहेर गेले आणि परत येऊन कितीतरी वेळ बेल वाजवत दारात उभे राहिले. काकू आत गाणं गुणगुणत होत्या. त्या दिवशी त्यांना कळलं. काकू लपवताहेत हेही कळलं. मग ते परेशकडून एकेक सायलेन्सर आणून लावायचे, गल्लीच्या टोकापासून गाडी सावकाश आणायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचे. ज्या आवाजाला काकूंनी मान वर केली, तो सायलेन्सर ठेवला. "आता मी आलो की तिला कळतं," काका म्हणाले. "चहा ठेवते. जुना लावला तर मी घरात येऊन उभा राहीन आणि ती दचकेल. तिला वाटतं मला माहीत नाही. वाटू द्या. तिला झाकून ठेवायचं आहे, तर मी काहून उघडं करू?"

या माणसाला मी हौशी आणि हट्टी ठरवून बसले होते. मला त्या कठड्यावर बसून रडावंसं वाटलं, पण सेक्रेटरी समोरून येत होते, म्हणून आवरलं. ते लिफ्टमध्ये गेल्यावर मी विचारलं, "काका, पूर्वी तुम्ही दोघं गाडीवर बोलायचात कसे?"

"बोलायचं कुठे जी, वाऱ्यात काय ऐकू येते?" काकांचा चेहरा खुलला. "थाप मारायची ती खांद्यावर. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे चहा. आणि नुसता हात ठेवला, म्हणजे काही नको, चालू द्या."

"मग आता हेल्मेटमध्ये ते यंत्र कशाला?"

काका उत्तर द्यायला लागले आणि थांबले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, सटातल्या भेगांकडे पाहतात तसं. मी भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघत होते.

"घरात मी बोलतो, ती हसते," ते हळूहळू म्हणाले. "काय पोचलं, काय नाही, मला कळत नाही. गाडीवर तर कुणालाच ऐकू येत नाही, मॅडम." आणि सट उचलून ते वर गेले.

दोनच दिवसांत शोकेसवरच्या हेल्मेटांमधून ती यंत्रं गायब झालेली दिसली. मी तिथं असतानाच काकांनी काकूंसमोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करत सांगितलं की ती परेशला परत दिली, वाऱ्याचा आवाजच फार येतो त्यांत, आपली थापच बरी. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग बराच वेळ त्या हेल्मेटांकडे बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात चौथी डबी आली. हिची एक नळी सायलेन्सरमध्ये बसते, बाहेर पडणारा धूर तपासते आणि त्यावरून पुढच्या घासाचं पेट्रोल ठरवते. काकांनी तिची माहिती वाचली आणि त्यांचे डोळे चमकले. जे काम ते स्वतः नाकानं करत आले होते, तेच ही करत होती. "हा चाखून वाढतो," ते जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले. शनिवारी दिवसभर बसून त्यांनी ती जोडली. संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या, हातात वाटी.

"थोडं विरजण दे गं," त्या म्हणाल्या. "तुझं चांगलं घट्ट लागतं." मी वाटी भरून दिली. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "दूध कोमट करूनच लावणार आहे," म्हणाल्या, आणि यावेळी नेहमीसारख्या हसल्या.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. सुहासनं भाताचं आळं केलं आणि दाराकडे बघत बसला. कढी येईना. शेवटी त्यानं आळ्यात वरण घेतलं आणि आज काय झालं असेल म्हणून काळजी करायला लागला. मी जेवण सोडून खाली धावले. पार्किंगमध्ये काकांभोवती निम्मी सोसायटी जमली होती. टोपलीत सट, आणि सटात पांढरंशुभ्र दही, कडेपासून कडेपर्यंत अखंड. काका फोनवर परेशला सांगत होते की वाढपी सापडला. मग त्यांनी जमलेल्या सगळ्यांना धूर चाखणं म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. ट्यूनरला द्यायचं ते श्रेय मी मनातल्या मनात दिलं. बाकीचं कुणाला द्यायचं ते मला आणि काकूंना ठाऊक होतं, आणि आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

पुढच्या आठवड्यात ती दोघं अमरावतीला निघाली. पेट्या भरल्या होत्या. काकूंनी सलवार-कमीजवर काकांचं जुनं जॅकेट घातलं होतं आणि त्या कॉलेजच्या मुलीसारखी सारखी बाही वर ओढत होत्या. निघायच्या आधी त्यांनी वरून तो सट आणला. ताजं लावलेलं दही होतं. त्यांनी चमचा घातला, मोडलं, त्यावर साखर घातली आणि काकांच्या तळहातावर ठेवलं. इतके महिने जे दही मोडू नये म्हणून त्या माणसानं जिवाचं रान केलं, ते त्यानं एका घासात संपवलं आणि हात चाटला. मग काकूंनी माझ्याही हातावर दही-साखर ठेवली. मी कुठंच जाणार नव्हते, पण घेतली.

काकांनी गाडी सुरू केली, खाली उतरले, मागं जाऊन वाकले आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. "जेवलेली आहे," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. काकू मागं बसल्या. उशीला पाठ टेकवली. हेल्मेटची काच खाली केली. आता त्यांना आमचा कुणाचाच आवाज येत नव्हता, आणि काकांनाही येत नव्हता.

गाडी अजिबात झटका न देता निघाली. फाटकापाशी गतिरोधक आहे. तिथं पोचायच्या आधी काकूंचा उजवा हात उठला आणि काकांच्या खांद्यावर एक थाप पडली. गाडीचा मागचा लाल दिवा लागला. गाडी हळूच वर चढली, हळूच खाली उतरली आणि रस्त्याला लागली. काकूंनी हात काढला नाही. तो तिथंच, नुसता ठेवलेला, वळणापर्यंत दिसत होता.